भाषा की बोली? आधी सांगा, वऱ्हाडी कुणाची!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी, त्याच निर्णयात पालीला आणि प्राकृतलाही तो मिळाला. पण मराठीच्या ढोल-ताशात ही बातमी आपल्याही पुष्कळ लोकांच्या कानापर्यंत पोचली नाही. ते असो. मराठी अभिजात ठरली तेव्हा आपल्या अमरावती-अकोल्याकडचा एक जुना प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. मराठी एवढी मोठी झाली, मग आमच्या वऱ्हाडीचे काय? वऱ्हाडी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा?

या प्रश्नावर दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे असे की वऱ्हाडी म्हणजे बिघडलेली मराठी. 'पाणी'चे 'पानी' केले, 'डोळा'चा 'डोया' केला, 'मला'चे 'मले' केले की झाली वऱ्हाडी. दुसरा तट म्हणतो, आम्ही मराठी नव्हेच, आमची भाषा वेगळी, म्हणून आमचे राज्यही वेगळे पाहिजे. आपल्या चळवळीतली शिकली-सवरलेली पोरे या दोन्ही तटांवर दिसतात. काही जण शहरात गेल्यावर घरच्या भाषेची लाज बाळगतात, तर काही जण तिचा झेंडा करून मिरवतात. लाज आणि झेंडा या दोन्हींच्या पलीकडे जाऊन आंबेडकरी माणसाने या वादाकडे कसे पाहावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

पहिल्या तटाचा हिशेब लवकर चुकता होतो. वऱ्हाडीत 'ण' नाही, 'ळ'च्या जागी 'य' येतो, 'ला'च्या जागी 'ले' येतो, 'का'ला 'काहून' किंवा 'कायले' म्हणतात, 'करतो आहे' असे न म्हणता 'करून रायलो' म्हणतात. हे सगळे नेमाने होते. अमरावतीच्या बाजारातली म्हातारी एकदा 'डोया' आणि एकदा 'डोळा' म्हणत नाही. जिथे नेम आहे तिथे व्याकरण आहे, आणि व्याकरण असलेल्या बोलण्याला बिघडलेले म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. शिवाय वावर, पऱ्हाटी, तिफन, डवरा, बंडी हे शब्द ज्याच्या तोंडी नाहीत त्याला कापसाच्या शेतीवर वऱ्हाडीइतके नेमके बोलता येणार नाही, मग त्याचा 'ण' कितीही शुद्ध असो.

दुसऱ्या तटाचे म्हणणे मात्र जरा नीट तपासावे लागते. भाषा कुठे संपते आणि बोली कुठे सुरू होते, याचे माप भाषाशास्त्राजवळ नाही. एकमेकांचे बोलणे समजते म्हणजे एकच भाषा म्हणावे, तर नॉर्वे आणि स्वीडनच्या माणसांना एकमेकांचे पुष्कळसे समजते, तरी त्यांच्या भाषा दोन. आपल्या देशात हिंदी आणि उर्दू बाजारात एक असतात आणि कागदावर दोन होतात. उलट भोजपुरी बोलणारे २०११ च्या जनगणनेत पाच कोटींच्या वर निघाले, तरी त्यांची मोजणी हिंदीच्या खात्यात होते. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेत-यादीत वऱ्हाडी-नागपुरीला मराठीपासून वेगळा संकेत दिलेला आहे; आपल्या जनगणनेत मात्र ती मराठीच्या पोटात जाते. दोन्ही ठिकाणी बसलेली माणसे विद्वानच आहेत. तेव्हा हा निकाल व्याकरणाने लागत नाही, सत्तेने लागतो. आणि सत्तेचा प्रश्न आला की आपण पहिले विचारतो : निकाल देताना खोलीत कोण होते?

मराठीचा निकाल लागला तेव्हा वऱ्हाड त्या खोलीत नव्हते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मुंबई-पुण्याचे शास्त्री आणि इंग्रज अधिकारी यांनी मिळून शाळेची, कचेरीची मराठी ठरवली. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या मुलखात होते. ते इंग्रजी कारभाराखाली आले १८५३ साली. म्हणजे आमच्याकडे सरकारी शाळा उघडायच्या आधीच 'शुद्ध' काय ते ठरून गेले होते, आणि ठरवणाऱ्यांनी आपल्या आळीतली बोली सबंध मराठीची मोजपट्टी केली. पुणेरी मराठी हीसुद्धा एक बोलीच आहे. तिच्या वाट्याला छापखाना, शाळाखाते आणि परीक्षा आल्या, एवढाच तिचा मोठेपणा.

आणि गंमत अशी की मराठीतला ज्ञात पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', तयार झाला तो पुण्यात नव्हे, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. महानुभावांमधल्या संस्कृतज्ञ शिष्याला नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहिण्यापासून अडवले. पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण होते. त्याच पंथातली महदंबा मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. अभिजाततेचा दावा करताना रिद्धपूरचे नाव पुढे करायचे आणि रिद्धपूरच्या शाळेतल्या पोराने 'मले' म्हटले की त्याच्या वहीवर लाल रेघ मारायची, हा व्यवहार आजही चालू आहे.

शुद्ध भाषेचे हे हत्यार कोणावर चालवले जाते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत महात्मा फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. जोतिरावांनी मांडलेल्या शेतकऱ्याच्या लुटीला उत्तर देण्यापेक्षा त्यांची वाक्यरचना धरणे सोपे होते. दीडशे वर्षे झाली, युक्ती तीच आहे. मुलाखतीच्या टेबलावर खेड्यातला उमेदवार उत्तर बरोबर देतो आणि उच्चारावर गुण गमावतो. वर्गात पोराला गणित येते, पण तोंड उघडले की हशा पिकतो, म्हणून ते तोंड उघडतच नाही, आणि पुढे शेरा येतो : विद्यार्थी मंद आहे. वऱ्हाडी भाषा आहे की बोली, हा विद्वानांचा वाद असेल. त्या पोराला तो आयुष्यभर पुरतो.

बौद्धांना तर हा वाद नवा नाहीच. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, गोड वाणीचे दोन भिक्खू भगवान बुद्धांकडे तक्रार घेऊन गेले. नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक भिक्खू झाले आहेत आणि आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवत आहेत, तेव्हा ते आम्ही छंदस्‌मध्ये बांधून ठेवू का, असे त्यांनी विचारले. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली, तसे करणे हा दोष ठरवला आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया', आपल्या बोलीत, शिकण्याची अनुज्ञा दिली. 'आपल्या' म्हणजे शिकणाऱ्याच्या की बुद्धांच्या स्वतःच्या, यावर मागाहून वाद झाला. आचार्य बुद्धघोषांनी दुसरा अर्थ, म्हणजे मागधी, घेतला. पण तक्रार कोणती होती आणि ती कोणी केली, यावर वाद नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती तक्रार आणि आजच्या स्टाफरूममधली तक्रार यांत किती फरक आहे, ते वाचकांनीच ठरवावे. विहारात वंदना घेताना आमच्या म्हाताऱ्या आया 'सरणं'चे 'सरनं' करतात. त्यांना मध्येच थांबवून दुरुस्त करणारा एखादा नवशिक्षित उपासक भेटला, तर त्याला हा प्रसंग वाचायला द्यावा.

जगातही हा तंटा आहे. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीच्या जवळची स्कॉट्स नावाची भाषा बोलली जाते. कोणी तिला इंग्रजीची बोली म्हणतात, कोणी इंग्रजीची बहीण. एके काळी ती स्कॉटिश राजदरबाराची भाषा होती. १७०७ साली स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली, आणि पुढे तिथल्याच शिकलेल्या वर्गाने आपल्या बोलण्यातून स्कॉट्स शब्द वेचून काढायला सुरुवात केली, लंडनसारखे बोलण्याची व्याख्याने ऐकली. रॉबर्ट बर्न्सच्या कवितेवर प्रेम करायचे आणि शाळेत पोराला त्याच भाषेसाठी दटावायचे, असे तिथेही चालले. २००१ साली ब्रिटनने युरोपच्या प्रादेशिक भाषांच्या सनदेखाली स्कॉट्सला मान्यता दिली, २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला ती बोलता येते असे सांगितले आणि २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने तिला कायद्याने अधिकृत दर्जा दिला. भाषा तीच होती, व्याकरण तेच होते. बदलली ती एडिंबरोतली संसद. ती १९९९ साली परत आली नसती तर हा कायदा झाला नसता. वऱ्हाडीला तर आठवायलाही दरबार नाही. अचलपुरात इमादशाहीचे राज्य होते, पण त्या दरबाराची भाषा फारसी.

जवळचे उदाहरण कोकणीचे. तिलाही वर्षानुवर्षे मराठीची बोली म्हटले गेले. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत गेली. वऱ्हाडीचे झेंडेवाले हे उदाहरण नेहमी देतात. पण ते अर्धेच देतात. गोव्यातला बहुजन समाज भाऊसाहेब बांदोडकरांच्या मागे उभा राहून मराठीच्या बाजूने का गेला, हे ते सांगत नाहीत. १९८७ च्या कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी अशी व्याख्या झाली आणि रोमी लिपीत पिढ्यान्‌पिढ्या लिहिणारे गरीब ख्रिस्ती बाहेर राहिले, हेही सांगत नाहीत. बोलीची भाषा होते तेव्हा तिच्यातूनही एक रूप निवडावे लागते. मग पुन्हा एक खोली, पुन्हा तोच प्रश्न.

म्हणून मी विचारतो, वऱ्हाडी, पण कुणाची? देशमुखांच्या वाड्यातली, पाटलाच्या ओट्यावरची, की गावकुसाबाहेरची? ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी-नागपुरीच्या पोटात कोष्टी, कुंभारी, गोवारी, महारी अशा जातींच्या नावाने पोटबोली नोंदल्या आहेत. साहेबाच्या कारकुनांनी जात पाहून बोली लिहून घेतली असेल, तो भाग वेगळा; पण बोलण्यावरून जात ओळखली जाते, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात आजही खरे आहे. वऱ्हाडी मराठीपुढे बोली असेल, पण वऱ्हाडीच्या आतही वाडा आणि वस्ती आहे. उद्या वऱ्हाडीचा कोश झाला, पाठ्यपुस्तक झाले, परिषदा आणि पुरस्कार सुरू झाले, तर त्या कोशात 'प्रमाण वऱ्हाडी' म्हणून कोणाचा शब्द जाईल आणि कोणाच्या शब्दापुढे 'ग्राम्य' असा शेरा पडेल? पुण्याने आमच्याशी जे केले तेच आमच्यातले मोठे आमच्याशी करतील. त्यांना त्याचा सराव आहे.

साहित्यात हे थोडे घडूनही गेले आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली. कौतिकच्या तोंडी वऱ्हाडी इतकी जिवंत आहे की तिला तोड नाही. पण कौतिकची गोष्ट सांगणारा निवेदक प्रमाण मराठीतच बोलतो. अकोल्याच्या विठ्ठल वाघांनी वऱ्हाडी कवितेला महाराष्ट्रभर श्रोते मिळवून दिले, सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी मिळाली. ही मोठीच कामे आहेत. परंतु या साहित्यातली वऱ्हाडी बहुतांशी शेतकऱ्याची, वावर असलेल्याची वऱ्हाडी आहे. ज्याला वावरच नव्हते, ज्याने दुसऱ्याच्या वावरात सालदारी केली, त्याच्या वऱ्हाडीला अजून तेवढी जागा मिळायची आहे. दूरचित्रवाणीने तर वऱ्हाडीला थेट विनोदी माणसाच्या तोंडी देऊन टाकले आहे. वऱ्हाडी बोलणारा पडद्यावर आला की लोक वाक्य संपायच्या आत हसायला तयार असतात, आणि आमचेच लोक त्याला वऱ्हाडीचा गौरव समजतात!

आणखी एक गोष्ट झेंडेवाल्यांनी ऐकून घ्यावी. अमरावती जिल्ह्याच्याच मेळघाटात कोरकू बोलली जाते. ती मराठीची कोणी लागत नाही. ती मुंडा कुळातली आहे. बुलढाण्याच्या जळगाव-जामोद भागात निहाली बोलणारे थोडे लोक उरले आहेत, आणि त्या भाषेचे नाते जगातल्या कोणत्याच भाषाकुळाशी नक्की लावता आलेले नाही. या दोघींच्या बाबतीत भाषा की बोली हा वादच नाही, त्या निःसंशय भाषा आहेत. मग त्यांच्यासाठी कोण भांडते? मेळघाटातले कोरकू मूल शाळेत येते तेव्हा मराठी त्याला परकी असते, आणि धारणी-चिखलदऱ्याच्या बाजारात त्याच्यावर हसणारा पुष्कळदा आमचा वऱ्हाडी बोलणाराच असतो. तिथे आम्हीच पुणेकर आहोत.

राहिला वेगळ्या विदर्भाचा मुद्दा. वऱ्हाडी स्वतंत्र भाषा ठरली की विदर्भाचा दावा पक्का होतो, असा काहींचा समज आहे. बाबासाहेबांना या पुराव्याची गरज वाटली नव्हती. १९५५ सालच्या भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी 'एक राज्य, एक भाषा' आणि 'एक भाषा, एक राज्य' या दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या. राज्यात एक भाषा असावी. पण एका भाषेच्या सगळ्या लोकांनी एकाच राज्यात कोंबले पाहिजे असे नाही, हे सांगून त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली आणि त्यांत आपल्या भागाचे पूर्व महाराष्ट्र हे एक राज्य होते. त्यांच्या त्या मांडणीमागे भाषेचा अभिमान नव्हता. मोठ्या राज्यात एका बलाढ्य जातीच्या हाती अल्पसंख्य आणि अस्पृश्य भरडले जातील, ही भीती होती. तेव्हा विदर्भ पाहिजे असेल तर त्यासाठी वऱ्हाडीला मराठीपासून तोडण्याचे कारण नाही, आणि विदर्भ नको असेल तर मराठी एक आहे एवढे सांगून भागत नाही. २००० साली छत्तीसगड आणि २०१४ साली तेलंगण झाले ते याच वाटेने.

मग माझे उत्तर काय? वऱ्हाडीला भाषा म्हणा, माझी हरकत नाही. बोली म्हणा, तरी हरकत नाही, मात्र त्याच दमात पुण्याच्या मराठीलाही बोली म्हणा. पण आठव्या अनुसूचीचा अर्ज घेऊन दिल्लीला जाण्यात चळवळीने आपली शक्ती घालवू नये. त्या दर्जाने अकादमीचे पुरस्कार मिळतील, स्पर्धा परीक्षेत एक विषय मिळेल. ते कोणाच्या पदरात पडतील हे वर सांगितलेच आहे. प्रमाण मराठीवर मात्र आपला हक्क सोडता कामा नये. ती काही त्यांच्या बापाची नाही. शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली, आणि पुढे त्यांनी संस्कृत ग्रंथांचीच झडती घेतली. नागपूरच्या कुमुद पावडे संस्कृत शिकल्या, संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या, आणि तो सगळा छळ त्यांनी 'अंतःस्फोट'मध्ये लिहून ठेवला. 'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंतची मराठी ही आपण कमावलेली मराठी आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा खेड्यापाड्यातून आलेल्या माणसांना त्यांची मराठी समजायला दुभाषा लागला नव्हता. कोर्टात, कचेरीत, विद्यापीठात उभे राहायचे तर ती मराठी आणि तिच्यासोबत इंग्रजी पोराला आलीच पाहिजे. बोलीचा अभिमान सांगून गरिबाच्या पोराला त्यापासून वंचित ठेवणारे, स्वतःची मुले कोणत्या शाळेत घालतात ते एकदा पाहून घ्यावे.

भांडायचे ते कशासाठी, तर वर्गासाठी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. त्या घरच्या भाषेत 'मले-तुले' धरायचे की नाही, हे शिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी वदवून घेतले पाहिजे. पहिली-दुसरीत मूल वऱ्हाडीत उत्तर देईल आणि त्याचा एकही गुण कापला जाणार नाही, मेळघाटात पहिल्या वर्गाला कोरकू येणारा शिक्षक असेल, या दोन मागण्या पंचायत समितीच्या पातळीवर रेटता येतात. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

दुसरे काम आपल्याच हातातले आहे. अमरावती विद्यापीठाला २००५ साली संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. हा माणूस शाळेत गेला नाही, त्याने वऱ्हाडीत कीर्तन करून उभा महाराष्ट्र हलवला आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. या दोन्ही ठिकाणी आपले प्राध्यापक आहेत, संशोधक विद्यार्थी आहेत. त्यांनी बौद्धवाड्यांतली वऱ्हाडी ध्वनिमुद्रित करायला घ्यावी : जात्यावरच्या ओव्या, सालदारीच्या आठवणी, मेलेली ढोरे ओढायचे बंद केले त्या दिवसाची हकिकत, आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये बंडीने, पायी, आगगाडीने नागपूर गाठल्याची हकिकत, जशी सांगितली तशी, 'ण' आणि 'ळ' न सुधारता. त्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, अकोट, एकेका तालुक्यात असे किती जण उरले आहेत, याची यादी येत्या बुद्धपौर्णिमेच्या आत विहारा-विहारातून करता येईल.